शर्यत नको, आधीची दहा मिनिटं टिपा

बैलगाडा शर्यतीतल्या छळावर बातमी करायला जाणारे बहुतेक जण कॅमेरा अंतिम रेषेवर लावतात. तिथे धुरळा असतो, भिर्रर्र असतं, चित्र झकास मिळतं. पण पुणे जिल्ह्यातल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एक बारी (एका गाड्याची धाव) बारा-चौदा सेकंदांत संपते. त्या फुटेजमध्ये पळणारे बैल दिसतात आणि पळणं आज बेकायदा नाही. बैलाला दुखवलं जातं ते मुख्यतः सुटण्याच्या रेषेवर, जुंपणी चालू असताना. कॅमेरा तिथे हवा.

कायद्याची बाजू आधी पक्की करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. बैलाच्या शरीराची ठेवण घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हा त्या निकालातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. दुरुस्तीमुळे जनावरांच्या वेदना बऱ्याच कमी होतात, हे त्या निकालाच्या मुळाशी आहे. म्हणून बातमीचा प्रश्न ‘शर्यत असावी की नसावी’ हा ठेवू नका. ज्या अटींवर परवानगी मिळाली त्या मैदानात पाळल्या गेल्या का, एवढंच तपासा. अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. १९६०च्या मूळ केंद्रीय कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, यावरून या दुरुस्तीचं वजन कळेल.

शर्यतीच्या आधी परवानगीच्या आदेशाची प्रत मिळवा. धावपट्टीची लांबी, पशुवैद्यकीय तपासणी, काठी-चाबूक-विजेचा वापर, चित्रीकरण, प्रत्येक अट वाचून मगच मैदानात जा. अट माहीत नसेल तर ती डोळ्यांसमोर मोडताना दिसूनही कळत नाही.

आता जुंपणी. चार-पाच माणसं बैलांना धरून रेषेवर आणतात. एकाच्या हातात वेसण, एक जण मानेवर जू बसवतोय, दोघं मागे. नजर मागच्या दोघांवर ठेवा. शेपटी हाताला गुंडाळून पिरगाळणं, ती दातांनी चावणं, पराणीची आर (काठीचं लोखंडी टोक) मांडीत टोचणं, मुठीत मावणारं बॅटरीचं यंत्र शेपटीखाली किंवा कुशीला लावणं, हे सगळं तिथे होतं आणि प्रत्येक गोष्ट सेकंदाच्या आत उरकते. विजेचा झटका यंत्रापेक्षा बैलावर आधी दिसतो. निशाण पडायच्या आधीच तो मागच्या पायांवर खाली दबतो आणि एकदम पुढे उसळतो. हलगी आणि डीजेच्या आवाजात यंत्राची टर्रर ऐकू येत नाही, त्यामुळे आवाजावर भरवसा ठेवू नका.

फोनवर सेकंदाला ६० फ्रेम ठेवा. २५ फ्रेमवर दोन चित्रांत ४० मिलिसेकंदांचं अंतर पडतं आणि मनगटाचा झटका नेमका त्यात निसटतो. समोरून घेतलं तर माणसांची अंगं आड येतात. सरळ मागून घेतलं तर पाठीच दिसतात. मागून तिरकं, थोडं उंचावरून उभं राहिलं की हात आणि कूस एकाच चौकटीत येतात. सुरुवातीला बॅनर, तारीख, मंडप दिसेल असं लांबचं चित्र वीस सेकंद घ्या आणि कट न करता जोडीपर्यंत या. कट आला की ‘ही क्लिप दुसरीकडची आहे’ असं म्हणायला जागा मिळते.

अमेरिकेतल्या रोडिओवर, म्हणजे उसळत्या घोड्या-बैलांवर स्वारीच्या खेळावर, काम करणाऱ्या ‘शार्क’ या संस्थेने हेच केलं. स्वार घोड्यावरून कसा उडतो याकडे सगळं मैदान बघत असताना त्यांनी कॅमेरा लोखंडी कोंडीच्या फाटकावर लावला. फाटक उघडायच्या क्षणी घोड्याला विजेची कांडी लावणारा हात त्यांच्या चित्रीकरणात सापडला. खेळ वेगळा, देश वेगळा, पण जागा तीच निघाली.

बैलाचं अंगही वाचता यायला हवं. शेपटीत एकापुढे एक लहान मणके असतात. एखादा मोडला किंवा निखळला की शेपटीला तिथे कायमचा कोन येतो आणि खालचा भाग माशा वारताना लोंबता राहतो. शेपटीखाली, मांडीच्या मागे केस गेलेले गोल चट्टे, वेसणीच्या भोकाशी ओलं रक्त, यांचे जवळून फोटो घ्या, पण त्याच फोटोत किंवा लगेच पुढच्या फोटोत बैलाचं तोंड आणि शिंगंही घ्या. नाहीतर जखम कुठल्या बैलाची हे सिद्ध होत नाही.

श्वास मोजा. विसाव्यातला मोठा बैल मिनिटाला साधारण १० ते ३० श्वास घेतो. कूस किती वेळा वर-खाली होते ते पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. धावण्याआधी, धावल्यावर लगेच आणि दहा मिनिटांनी असं तीनदा मोजा. पळाल्यावर आकडा चढणारच. तो उतरत नसेल, तोंड उघडं, जीभ बाहेर, मान पुढे ताणलेली असेल आणि तरी जोडी पुढच्या फेरीला जुंपली जात असेल, तर बातमी तिथे आहे. सातारा-सांगलीकडे गट, सेमी, फायनल अशा फेऱ्या होतात आणि जिंकणारी जोडी एकाच दिवसात पुन्हा पुन्हा पळते. प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहा. सगळ्यात चांगल्या खोंडावर सगळ्यात जास्त ताण येतो, याचं मनापासून वाईट वाटतं.

जे दिसलं तेवढंच लिहा. बाटलीतून काहीतरी पाजताना दिसलं तर ‘पाजताना दिसलं’ एवढंच. ‘दारू पाजली’ हे पशुवैद्यकाने घेतलेल्या नमुन्याच्या अहवालाशिवाय लिहू नका. अशा एका शब्दावरून खरी बातमीही खोटी ठरवली जाते.

पुरावा बिघडतो तो घरी आल्यावर. व्हॉट्सॲपवरून पाठवली की फाइल दाबली जाते आणि तिच्यातली वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. मूळ फाइल केबलने उतरवा, दोन डिस्कवर ठेवा, त्याच दिवशी तिची हॅश (फाइलवरून निघणारा आकडे-अक्षरांचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) काढून लिहून ठेवा. कापाकापी प्रतीवरच करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात हॅश नमूद करावी लागते. आयोजकांचं यूट्यूब लाइव्हही उतरवून ठेवा. त्यात फेऱ्यांचा क्रम आणि वेळा मिळतात आणि त्या त्यांच्याच तोंडच्या असतात.

गोव्यातल्या धिरयोचं, म्हणजे बैलांच्या झुंजीचं, गणित निराळं आहे. उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बंदी घातल्यामुळे तिथे परवानगीचा कागदच नाही. झुंज झाली, कुठे आणि केव्हा झाली, एवढं सिद्ध करायचं असतं. तिथे ओळखीची खूण असलेलं लांबचं चित्र जखमेच्या फोटोपेक्षा मोलाचं.

मैदानात दोघांनी जा. एकाने कॅमेरा धरला की दुसऱ्याने गर्दीवर नजर ठेवायची. अंतिम रेषेच्या पुढे उभे राहू नका, गाडे तिथे थांबत नाहीत, गर्दीत घुसतात. मुलांचे चेहरे झाका.

बातमी छापून आल्यावर माहिती अधिकारात ‘जोडपत्र अ’ भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तीन गोष्टी मागा: परवानगीचा आदेश, बैलांची तपासणी प्रमाणपत्रं आणि आयोजकांनी सादर केलेलं चित्रीकरण. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. चित्रीकरण हाती आलं की तुमच्या वहीतल्या वेळा त्याच्याशेजारी ठेवा आणि जुंपणीची मिनिटं त्यात आहेत की गाळली आहेत ते बघा.