रांगोळीत काढलेलं जुनं गाव (माझा अनुभव)

आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या भूकंपानंतर नवीन जागेवर वसलेलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, हे इथं शाळकरी पोरांनापण पाठ आहे. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरचं माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, सगळं अंगावर आलं. मी इथं सून म्हणून खूप नंतर आले. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा झालेली, म्हणून गावात मला चित्रकलेच्या मॅडमच म्हणतात.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मिस्टर गेले. तेरावा मोजक्या माणसांत उरकला, भेटायला कुणी येऊ शकत नव्हतं, त्यामुळं रडणंसुद्धा नीट झालं नाही. मी आणि सासूबाई समोरासमोर बसायचो, पण बोलणार काय? निर्बंध उठल्यावर गल्लीतली पोरं यायला लागली, मी ओसरीत त्यांची एलिमेंटरीची, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेची तयारी घ्यायला लागले आणि खरं सांगते, तेवढा तासभर डोकं शांत असायचं.

त्या परीक्षेत स्मरणचित्र असतं, म्हणजे समोर काही न ठेवता आठवणीतलं काढायचं. एका पोरीनं सासूबाईंना विचारलं, आजी तुमचं जुनं घर कसं होतं, मला काढायचंय. त्या म्हणाल्या, "सांगून कळतंय का माय, थांब." पेन्सिल दिली तर नको म्हणाल्या, हात थरथरतो. रांगोळीचा डबा घेऊन अंगणात उकिडव्या बसल्या आणि तोच हात चिमटीत रांगोळी आल्यावर अजिबात हलला नाही. ढेलज म्हणजे दारातली पडवी काढली, चौकट, धान्य साठवायचं बळद, गोठा, सगळं एका दमात. मधल्या खोलीपाशी रेष थांबवली, तळहात लुगड्याला पुसला आणि उठल्या. तिथं कोण झोपलं होतं ते गल्लीतल्या सगळ्या मोठ्यांना माहीत होतं. मी काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी, "काय करलालीस गं?" करत आल्या आणि आमचं दार इकडं नव्हतंच, मारुतीच्या पारासमोर होतं म्हणून भांडायलाच लागल्या. मग त्यांचं घर, मग तिसरीचं. नव्या गावात प्लॉट रांगेनं पडले, जुने शेजारी कुठल्या कुठं गेले, काहीजणींचं येणंजाणंच तुटलं होतं. त्या आता रोज संध्याकाळी एका अंगणात बसायला लागल्या. हातात रांगोळी असली की बोलणं आपोआप निघतं, गेलेल्यांची नावं निघतात, आणि त्यातच एकदा सासूबाई मिस्टरांच्या लहानपणाबद्दल बोलल्या, ते गेल्यापासून पहिल्यांदा. त्या दिवशी मी पोटभर रडले आणि सगळ्याजणी बसून राहिल्या, कुणी गप कर म्हणलं नाही.

कुणाला असं काही सुरू करायचं असेल तर माझं एवढंच म्हणणं आहे, कसं वाटतंय ते विचारू नका, रेष चुकली म्हणून हातपण लावू नका, आणि जी खोली काढायची नाही ती नाही. रंग, कॅनव्हास आणायची घाई करू नका, ज्यात बायकांचा हात बसलाय तेच द्या. आणि ह्याला औषध समजू नका. आमच्यातल्या एका आजींची झोप पार उडाली तेव्हा त्यांना डॉक्टरकडंच नेलं. टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तो मी ओसरीतच लिहून ठेवलाय.

आता ग्रामपंचायतीनं समाजमंदिराची एक भिंत दिलीय. पोरं रांगोळीच्या फोटोवर चौकटी पाडून तेच गाव मोठं करून गेरू-चुन्यात काढतायत, फेविकॉल मिसळून, म्हणजे रंग हाताला लागत नाही. म्हातारी माणसंपण यायला लागलीत, शेतरस्ते त्यांनाच माहीत. फक्त आड नेमका कुठं होता यावर अजून एकमत नाही, म्हणून तेवढा कोपरा कोरा ठेवलाय. पावसाळ्याआधी उरकायचंय, नाहीतर ओल धरली की पोपडे निघतील.