डबानिरवशेषकर

नववीत असताना मला एक पदवी मिळाली होती. ती दाखल्यावर नाही, गुणपत्रिकेवरही नाही; पण आजही त्या वर्गातलं कुणी भेटलं की आधी तीच आठवण काढतं. शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हणाल्यावर मला दुसरं काही सुचेचना.

इतिहासाच्या सरांनी आम्हाला सायकलींवरून नाशिकच्या पांडवलेण्यांना नेलं होतं. पायऱ्या चढून वर गेलो की तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, एक लांबलचक ब्राह्मी लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या सगळ्या पदव्या तिथे आहेत. पुस्तकात आम्ही एकच पाठ केली होती, त्रिसमुद्रतोयपीतवाहन. ज्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले तो. गाळलेली जागा भरायची, एक गुण घ्यायचा आणि मोकळं व्हायचं.

"सर, पण समुद्राचं पाणी खारट. घोडी प्यायली कशी?" मागून कुणीतरी विचारलं.

सर हसले. "घोडी नाही प्यायली रे. आईला तसं दिसलं."

हा लेख राजाने कोरवलेलाच नाही. राजा गेल्यावर, त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, आपला नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी हे लेणं भिक्खूंना दान दिलं आणि दानलेखात मुलाचं वर्णन लिहवून घेतलं. म्हणून शक, यवन, पल्हवांचा नाश करणाऱ्याच्या शेजारीच 'आईची अखंड सेवा करणारा' हेही आहे. सरांनी ओळीवर बोट फिरवत (भिंतीला न लावता) एकेक शब्द सोडवला. धर्माने मिळालेला करच वापरणारा. अपराधी शत्रूचाही जीव घेणं न आवडणारा. आणि थोड्याच अंतरावर 'खखरातवसनिरवसेसकर', क्षहरातांचा, म्हणजे शक राजा नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा!

जीव घेणं आवडत नाही आणि वंश तर शिल्लक ठेवला नाही, हे काही आम्हाला पटेना. सरांनी सारवासारव केली नाही. म्हणाले, "आईचा शब्द आहे, प्रेमाने मोठा झालेला. कोणत्या शब्दाला पुरावा आहे तेवढं बघायचं." या पदवीला तो होता. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. सगळी क्षहरात नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारलेला. शत्रूच्या तोंडावर आपली मोहर. नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं, लेणं त्याच डोंगरात थोडं पुढे आहे, दहावं. ते काही कुणी पुसलं नाही.

दुसऱ्या बाजूचीही गोष्ट सरांनी उतरताना सांगितली. गिरनारच्या पायथ्याशी, जुनागढच्या शिळेवर, नंतरचा शक राजा रुद्रदामन म्हणतो की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून सोडून दिलं. शिवाय महाक्षत्रप ही पदवी मी स्वतः मिळवली, असंही त्यात आहे. वारशाने आली नाही, हे मुद्दाम. हरलेल्याची पदवी तो खोडत नाही, उलट ठसठशीत लिहितो. मोठ्याला हरवलं तरच आपण मोठे, हे त्यालाही कळत होतं.

शाळेत परतल्यावर वर्गभर पदव्यांची लागण झाली. व्हरांड्यातले तिन्ही माठ रिकामे करणारा तो त्रिमाठतोयपीत. आणि मी? मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे चाटूनपुसून संपवायचो, म्हणून डबानिरवशेषकर. पुरावा भरपूर होता.

पण एक शब्द आम्ही चुकीचा ऐकला होता. लेखात 'पोरजननिविसेससमसुखदुख' असं आहे. आम्हाला वाटलं, पोराबाळांच्या सुखदुःखात सहभागी. सर म्हणाले, पोर म्हणजे पौर, नगरातले लोक. आम्ही हिरमुसलो. त्याच सहलीत उतरताना एकाचा पाय मुरगळला होता. सरांनी त्याला पाठुंगळी घेतलं आणि खाली येईपर्यंत तो रडू नये म्हणून त्याच्याकडूनच सातवाहनांची वंशावळ म्हणवून घेतली. आम्ही मागून दोघांच्या चपला घेऊन चाललो होतो.

पुढे सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही, कॉलेजात गेलेली ती पोरं, एक पुठ्ठा घेऊन आलो. त्यावर सरांची बिरुदावली लिहिली होती, चांगल्या सात-आठ ओळी. सरांनी चष्मा लावला, खिशातलं लाल पेन काढलं आणि तपासायला बसले. 'अप्रतिहतचक्र', म्हणजे ज्याचं चाक कुठेच अडत नाही, ते खोडलं, सायकल दोनदा पंक्चर झाली होती म्हणाले. 'सर्वशास्त्रपारंगत' खोडलं, पुरावा नाही. एका ठिकाणचा अनुस्वार दुरुस्त केला.

शेवटच्या ओळीत आम्ही 'पोरजनसमसुखदुख' लिहिलं होतं, आमच्याच चुकीच्या अर्थाने. पेन तिथे बराच वेळ थांबलं. मग त्यांनी टोपण लावलं आणि पुठ्ठा घडी न घालता पिशवीत ठेवला.

— एक माजी विद्यार्थी, तुकडी ब