नाथसागरावर ट्राउटचं गणित

तीन वर्षांपूर्वी हिमाचलात, तीर्थन नदीवर, माझ्या गळाला वीतभर ट्राउट लागला. तेवढ्या भांडवलावर मी घरात मासेमारीतला जाणकार झालो. त्यामुळे फाल्गुनात मावशीकडे पैठणला गेलो तेव्हा जायकवाडीच्या काठावर जायचं हे ठरलेलंच होतं. नाथषष्ठी तोंडावर आली होती. मावशीने बजावलं, "बघायचं तर बघ, मासा घरात आणायचा नाही."

पहाटे स्कूटर काढली. धरणाचे 27 दरवाजे मागे टाकून काठाकाठाने निघालो. 1976 पासून गोदावरी इथे अडवलेली आहे. पाणी बरंच ओसरलं होतं आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळात कुणीतरी गाळपेर केली होती, टरबुजाचे वेल नुकते पसरत होते. त्या वेलांपलीकडे एक मामा थर्माकोलचा तराफा पाण्यात ढकलत होते.

मी त्यांना माझं गणित सांगितलं. थंड मुलुखातल्या खोल तलावांवर हिवाळाभर बर्फ असतो. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड, म्हणून तेवढ्या तापमानाचं पाणी तळाशी बसतं. बर्फ वितळला, वरचं पाणीही 4 अंशांना आलं, की वाऱ्याने सगळा तलाव ढवळला जातो आणि प्राणवायू तळापर्यंत पोचतो. मग एरवी उन्हाळ्यात खोल दडणारा ट्राउट उथळ पाण्यात, ओढ्यांच्या मुखाशी, उन्हाने किंचित कोमट झालेल्या काठाला चरायला येतो. वसंताच्या सुरुवातीला त्याला शोधायचा तो तिथेच.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बर्फ? इथं माठातलं पानी गार होईना, भाऊ."

मग बोट ओठांवर ठेवून त्यांनी बुडालेल्या बाभळीच्या खोडाकडे खुणावलं. शेवाळाच्या कडेला पाणी हललं, 'टप्' असा बारीक आवाज आला आणि वर एक बुडबुडा राहिला. मरळ! ट्राउटचा सगळा जीव गार, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात. मरळीला मात्र नुसतं पाणी पुरत नाही, तिला अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. म्हणजे ती आपला पत्ता स्वतःच सांगते. माझा थर्मामीटर पिशवीतच राहिला.

मामांनी गळाला लहानसा बेडूक लावला (माझ्याने तिकडे बघवेना) आणि बुडबुड्याच्या हातभर पुढे अलगद सोडला. "मागं टाकलं तर काहून घेईल? तोंड जिकडं, तिकडं टाकायचं."

पाचेक मिनिटं काही नाही. दूरवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. मग दोरी एकदम ताणली गेली, मामांच्या तळहातात रुतली, खोडाभोवती फिरली आणि सैल पडली. गळ रिकामाच परत आला, बेडूक गायब. मामांनी एक शिवी हासडली आणि दुसरा बेडूक काढला.

नऊला ऊन चटकायला लागलं तसा मी परत फिरलो. मावशीने दारातच थांबवून दोन्ही हातांवर तांब्याभर पाणी ओतलं, मग वास घेतला, आणि पुन्हा ओतलं.