तुम्ही विचारलंत म्हणून: घड्याळातलं बीपी कितपत धरायचं?

मी बीपीची गोळी घेते हे ज्यांना माहीत आहे ते माझ्या मनगटावरचं स्मार्टवॉच बघून हमखास विचारतात, अगं यात बीपी कळतं ना, मग ते दंडाला बांधायचं मशीन कशाला ठेवलंयस अजून? हल्ली तर थेट स्क्रीनशॉटच येतात, "१४२/९१ दाखवतंय, टेन्शन घेऊ का?" प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाहीये, बरीच वर्षं बीपी असलेली आणि कुठलीही वस्तू आणली की तिचं मॅन्युअल शेवटच्या पानापर्यंत वाचणारी बाई आहे, त्या हिशोबाने वाचा.

तर माझा पहिला प्रश्न असतो, तुमच्या घड्याळाच्या पट्ट्यात हवा भरते का?

लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. पण अशी घड्याळं खरंच आहेत, ओमरॉनचं हार्टगाइड आहे ज्याला २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची मंजुरी मिळाली, हुआवेचं वॉच डी आहे, यांच्या पट्ट्यात फुगणारी बारीक पिशवी असते, ती मनगट आवळते, आतलं रक्त अडवते आणि त्या आवळण्या-सैल होण्यात नाडीचे जे हिसके पट्ट्याला जाणवतात त्यावरून आकडा काढते. दंडाचं मशीन तेच करतं. इटलीतल्या रिवा-रोच्ची नावाच्या डॉक्टरने १८९६ मध्ये दंडाला फुगणारा पट्टा बांधला, १९०५ मध्ये रशियात कोरोत्कोव्हने त्याच्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची पद्धत काढली, आणि इतकी वर्षं झाली तरी गोष्ट तीच आहे की रक्ताचा दाब मोजायचा तर बाहेरून दाब देऊन बघावं लागतं.

आता तुमच्यापैकी बहुतेकांच्या घड्याळात हवाबिवा काही नसते, मागे हिरवा लाइट लुकलुकतो. प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं आणि तेवढा प्रकाश जास्त शोषला जातो, परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून एक लाट तयार होते. ठोके मोजायला ही लाट एकदम बेस्ट. बीपीसाठी मात्र त्या लाटेचा आकार बघून अंदाज बांधावा लागतो, रक्तवाहिन्या ताठ असतील किंवा दाब जास्त असेल तर लाट वेगळी दिसते वगैरे. आता गंमत अशी की हात गार पडला, पट्टा सैल झाला, घड्याळ थोडं सरकलं तरी लाटेचा आकार बदलतो, आणि तुमचं वय वाढेल तसाही तो बदलतो. मग घड्याळाने यातला दाबामुळे झालेला बदल कुठला ते कसं ओळखायचं?

म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे घड्याळ आधी दंडाच्या मशीनच्या आकड्याशी जुळवून घ्यायचं. सॅमसंगच्या घड्याळातल्या बीपीला २०२० मध्ये दक्षिण कोरियात परवानगी मिळाली, त्यात आधी दंडाच्या मशीनवर तीन रीडिंग घेऊन ती ॲपमध्ये भरायची आणि दर २८ दिवसांनी हे सगळं परत करायचं. म्हणजे बघा, मशीन लागू नये म्हणून घड्याळ घेतलं आणि घड्याळ म्हणतंय आधी मशीन आण! आणि तुम्ही मशीनवरचं १२८/८२ भरलंत तर शांत बसल्यावर घड्याळ त्याच्याच आसपास काहीतरी दाखवणार आणि आपण म्हणणार वा काय ॲक्युरेट आहे. खरी परीक्षा डॉक्टरांनी गोळी बदलल्यावर किंवा तुम्ही दोन आठवडे गोळी विसरल्यावर असते, बीपी खरोखर सरकल्यावर आकडाही तितकाच सरकतो का? याच मुद्द्यावर अजून घोडं अडलंय. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शन (हायपरटेन्शन म्हणजे वाढलेलं बीपी) या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२३ च्या गाइडलाइन्स स्पष्ट सांगतात की बीपी आहे की नाही हे ठरवायला किंवा औषध ठरवायला हवा भरणारा पट्टा नसलेली उपकरणं वापरू नका.

हे झालं नावाजलेल्या कंपन्यांचं. कॅलिब्रेशन न मागता डायरेक्ट आकडा देणारे जे बँड असतात त्यांच्याबद्दल मी काय बोलू. एका मैत्रिणीने असला बँड मोठ्या कौतुकाने दाखवायला आणला, मी म्हटलं काढ जरा, आणि तो घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलला बांधला. दोन-चार सेकंद लाइट लुकलुकला आणि टॉवेलचं बीपी आलं, नॉर्मल! टॉवेलची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे यावर आम्ही खूप हसलो, पण तिच्या वडिलांना ती तोच बँड देणार होती.

आता यात हसण्यासारखं काय नाही ते सांगते. २०१४-१५ मध्ये इन्स्टंट ब्लड प्रेशर नावाचं एक फोन ॲप होतं, कॅमेऱ्यावर बोट ठेवा, फोन छातीला लावा, की बीपी हजर. लाखाच्या वर लोकांनी विकत घेतलं. नंतर २०१६ मध्ये संशोधकांनी तपासलं तर ज्यांचं बीपी खरंच वाढलेलं होतं त्यांच्यातल्या पाचापैकी साधारण चार जणांना ते ॲप सगळं ठीक आहे म्हणून सांगत होतं. वाढलेलं बीपी दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे "नॉर्मल" दिसलं की माणूस निर्धास्त होतो. जास्त दाखवलं तर निदान तो डॉक्टरकडे तरी जातो ना.

यामुळेच मला ॲपलने २०२५ मध्ये जे केलं ते जास्त पटलं. ते आकडाच देत नाहीत. ३० दिवसांचा डेटा बघून शंका आली तर घड्याळ फक्त सांगतं की तुम्हाला हायपरटेन्शन असू शकतं, आता सात दिवस पट्ट्याच्या मशीनवर मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. काहींना हे अर्धवट वाटतं, एवढं महाग घड्याळ आणि आकडा नाही म्हणजे काय. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, जेवढं कळतं तेवढंच सांगितलं. मात्र नोटिफिकेशन आलं नाही म्हणजे बीपी नाहीच असं कुणी धरू नका, ते सगळ्यांना पकडत नाही आणि कंपनीही तसं सांगते. आणि ज्यांचं निदान आधीच झालंय, जे २२ वर्षांच्या आतले आहेत किंवा ज्या गरोदर आहेत त्यांच्यासाठी ते फीचर नाहीच, म्हणजे मला त्याचा उपयोग शून्य.

आता त्या १४२/९१ कडे येऊ. ते कधी घेतलंत? जिना चढून आल्यावर, मीटिंगमध्ये, घड्याळाचा हात खाली लोंबकळत ठेवून? मनगट हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटीमीटर खाली असेल तर पट्टा फुगवणारं चांगलं घड्याळसुद्धा सात-आठने जास्त दाखवेल, ही घड्याळाची चूक नाही, वरच्या रक्ताचं वजन आहे ते. बीपी तसंही ठोक्या-ठोक्याला हलत असतं, बोलताना वाढतं, लघवी लागलेली असताना वाढतं. दिवसातून वीस वेळा बटण दाबणाऱ्याला वीस वेगळे आकडे मिळतात आणि एकविसाव्या वेळी टेन्शनमुळे खरंच वाढलेलं.

रात्रीच्या मापाचं मात्र मला मनापासून आकर्षण आहे. झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के उतरायला हवं, ज्यांचं उतरत नाही त्यांना हृदयाचा आणि मेंदूचा धोका जास्त. हे बघायला डॉक्टर २४ तासांचं मशीन लावतात, मी एकदा लावून झोपलेय, म्हणजे झोपले नाहीच, डोळा लागतो न लागतो तोच घूंऽऽ करून दंड आवळायचा. हे काम जर मनगटावरचा लाइट गुपचूप करू शकला तर मी पहिली रांगेत उभी राहीन. पण रात्रीची ती घसरणच या लाइटवाल्या उपकरणांना नीट पकडता येत नाही अजून.

मी स्वतः काय करते? डॉक्टरकडे जायच्या आधीचा आठवडा सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी मोजते. आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, उघडा दंड, हात टेबलावर. एक मिनिट सोडून दोन रीडिंग. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढते, घरच्या मापात ती १३५/८५ च्या खाली असली की मी खूश. आणि घड्याळ हातात आहेच की, झोपेसाठी, बसल्या जागी ठोके किती पडतात ते बघायला, ठोका अनियमित वाटला तर ते सांगतं त्यासाठी. बीपीचं पानच मी काढून टाकलंय.

तर स्क्रीनशॉटवाल्यांनो, घड्याळात जास्त आलं तर पाच मिनिटं बसा आणि दंडाच्या मशीनवर परत घ्या, चार-पाच दिवस तसंच येत राहिलं तर डॉक्टर. १८०/१२० च्या वर गेलंय आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय किंवा एका बाजूला अशक्तपणा वाटतोय तर मला मेसेज करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि मशीन घ्यायच्या आधी दंडाचा घेर टेपने मोजून घ्या बरं का, पट्ट्यावर तो किती ते किती सेंटीमीटरला चालतो हे छापलेलं असतं, जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर तोही खोटं जास्तच दाखवतो आणि मग तुम्ही त्याचाही स्क्रीनशॉट मला पाठवाल.