सुरुंगाच्या शिट्टीनंतरचा तास

गेल्या आठवड्यात माझ्या जागी आलेल्या नव्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, खाणीवरच्या बायका लसीकरणाच्या सत्राला येतच नाहीत हो. तीनदा निरोप धाडला." मी विचारलं, "किती वाजता बोलावतेस?" म्हणाली, "दहाला, अंगणवाडीत."

कोरेगाव तालुक्यात मी आरोग्य सेविका होते, 2019 ला निवृत्त झाले. दहाला खाणीवर काय चालतं ते पुरतं ठाऊक आहे मला. ऊन तापायच्या आत निघेल तेवढं डबर काढायचं असतं. मजुरी ब्रासवर. शंभर घनफूट दगड रचला की एक ब्रास, आणि तो नवरा-बायको दोघांच्या हातांनी फुटलेला. बाई चार किलोमीटर चालत आली, रांगेत बसली, परत गेली, की त्या दिवशीचा ढीग अर्धाच. मुकादमाची उचल अंगावर असतेच. त्यात पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, दिली की रात्री पोराला ताप, दुसऱ्या दिवशी ते मांडीवरून उतरत नाही. एका वडार बाईनं मला तोंडावर सांगितलं होतं, "अक्का, तुझी सुई एक दिसाची न्हाई, दोन दिसांची हाय." तिचा हिशोब बरोबर होता. 'ही माणसं अडाणी, लसच नको म्हणतात' असं आमच्या बैठकांत सहज म्हटलं जायचं, ते मला कधी पटलं नाही.

डिसेंबर 2014 मध्ये मिशन इंद्रधनुष्य सुरू झालं. वीटभट्ट्या, बांधकामं, पालं धुंडाळून राहिलेली पोरं शोधा, असं त्यात होतं. ही खाण दोन गावांच्या शिवेवर. खालचे म्हणायचे वरच्यांची, वरचे म्हणायचे खालच्यांची. पाच वर्षांच्या आतली चौदा पोरं, आणि एकाचंही नाव कुठल्या रजिस्टरात नाही. वरिष्ठांना विचारलं तर "आपल्या हद्दीत येत नाहीत" एवढंच उत्तर. मग मी माझ्याच रजिस्टरच्या शेवटच्या पानावर 'खाण' असं लिहिलं आणि कॅरियर, म्हणजे लसींचा गार डबा, घेऊन निघाले.

पोचले तेव्हा शिट्टी झाली. सुरुंग भरला होता. सगळी माणसं वर येऊन लिंबाखाली बसली. सुरुंग उडून धुरळा बसेपर्यंत खाली कुणी उतरत नाही. भाकरी सुटते, बायका पोरांना पाजतात. चांगला तासभर. मी तिथंच कॅरियर उघडला आणि त्या तासात नऊ पोरांना सुया दिल्या. निघताना तापाचं औषध दिलं, किती थेंब ते प्रत्येकीला दाखवलं. पुढं दर महिन्याला मी मुकादमाला आधी फोन करायची : शिट्टी किती वाजता?

त्या दिवशी गोवरच्या वयाचं एकच पोर होतं. कुपी पाच डोसांची, आणि एकदा द्रावण मिसळलं की चार तासांत वापरायची, नाही तर टाकायची. वाया गेलेल्या डोसांचा जाब द्यावा लागेल या धास्तीनं पुष्कळ जणी अशा जागी कुपी फोडतच नाहीत. नियम मात्र सांगतो, एका मुलासाठीसुद्धा फोडा. मी फोडली. बैठकीत बोलणी बसली, बसू देत.

माझी भाची मिरजेला मेडिकलला होती, तिनं मला नायजेरियातल्या झामफाराची हकीकत सांगितली. 2010 ची. तिथं लोक हातानं सोन्याची खाण खणत, दगड घरी आणून अंगणातच दळत. त्या दगडात शिसं होतं. पोरांना ताप आला, झटके आले, आधी मलेरियाच वाटला. चारशेहून जास्त पोरं गेली. आपल्या काळ्या दगडात तसं विष नाही. पण धुरळा पोरापर्यंत जातो तो तसाच, आईच्या पदरावरून. आणि शेकड्यांनी पोरं जाईपर्यंत बाहेर कुणाला पत्ता लागू नये, हे ऐकून मला माझं ते शेवटचं पान आठवलं.

त्याच लिंबाखाली सात महिन्यांच्या एका मुलीच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली. 11 सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; त्याच्या वरचा पिवळा पट्टा जरा बरा. पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस राहायला हवं होतं. आई म्हणाली, "आन् ह्या तिघांना कोन बघंल?" बुडालेल्या मजुरीचे पैसे मिळतात, पण मागे राहिलेल्या लेकरांसाठी त्यात काही नाही, ही उणीव मला आजही खुपते. शेवटी सासू आली म्हणून ती गेली. नवव्या दिवशी परत. थोरल्याचा पाय दगडाखाली सापडला होता. मुलीचं वजन तीनशे ग्रॅमनी वाढलं होतं, आणि मी तिला परत पाठवू शकले नाही.

जूनमध्ये खाणीत पाणी साचलं, पालं उठली. गेले तर चुलीचे तीन दगड तेवढे जाग्यावर. पण प्रत्येक पोराच्या लसीकरण कार्डावर मी माझा मोबाईल नंबर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला होता, मार्करनं, पाण्यानं जाऊ नये म्हणून. नोव्हेंबरात जत तालुक्यातून एका सिस्टरचा फोन आला. "या कार्डावर तुमचा नंबर आहे. गोवरची झालीय का?"

"नाही झाली. आजच द्या," मी म्हटलं. "आणि दंड मोजा."

फोन तसाच धरून ठेवला. पट्टी गुंडाळल्याचा आवाज आला, मागं मुलगी रडली.

"बारा. पिवळी आहे, मॅडम."