मामांचे चॉकलेट आणि यकृतातला दाब

सेलू तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामांनी मागच्या महिन्यात मला फोन करून विचारले, "बापू, ते कडू चॉकलेट आपल्याकडं कुठं मिळतं रे?" पस्तीस वर्षांपासून गळ्यात तुळशीची माळ असलेल्या या माणसाला लिव्हर सिरॉसिस झाला, तेव्हा गावातल्या पारावर सर्वांत आधी जी कुजबुज झाली ती दारूची होती. मामांनी दारूला कधी स्पर्शही केलेला नाही. त्यांचा आजार मधुमेह आणि त्यातून वाढत गेलेल्या यकृतातल्या चरबीचा आहे. आपल्या मराठवाड्यात सिरॉसिस म्हणजे दारू हे समीकरण इतके घट्ट बसले आहे की, अशा रुग्णाला आजाराबरोबर लोकांचा संशयही सोसावा लागतो.

कडू, म्हणजे गडद चॉकलेटने सिरॉसिसमध्ये यकृतातला दाब कमी होतो, असा निरोप त्यांना मोबाइलवर आला होता. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, कारण असा अभ्यास खरोखर झाला आहे. मात्र त्याचा अर्थ कळण्यासाठी आधी यकृतातला रक्तदाब ही गोष्ट समजून घ्यावी लागते. दंडाला पट्टा गुंडाळून मोजतात तो हा दाब नव्हे. आतडी आणि प्लीहा यांच्याकडून आलेले रक्त पोर्टल शिरेतून यकृतात शिरते. निरोगी माणसात यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांमधल्या दाबाचा फरक 5 मिमी पाऱ्याच्या आत असतो. सिरॉसिसमध्ये यकृत कडक आणि गाठाळ झाल्यामुळे रक्ताची वाट अडते आणि हा फरक वाढतो. तो 10 च्या वर गेला की पोटात पाणी होणे, अन्ननलिकेतल्या शिरा फुगणे हे प्रकार सुरू होऊ शकतात, आणि 12 च्या वर गेला की त्या शिरा फुटून रक्ताची उलटी होण्याचा धोका असतो. तो नेमका मोजायचा तर मानेतल्या शिरेतून बारीक नळी यकृतापर्यंत न्यावी लागते.

अडथळा केवळ कडकपणाचा नसतो. यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल ठेवण्याचे काम नायट्रिक ऑक्साइड हा वायू करतो. रक्तवाहिन्यांवरील त्याच्या कार्याच्या शोधासाठी 1998 साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. आजारी यकृतात हा वायू कमी तयार होतो आणि जो होतो तो फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर रेणू गिळून टाकतात, म्हणून वाहिन्या आखडलेल्याच राहतात. त्यात जेवण झाले की आतड्यांकडचा रक्तप्रवाह वाढतो. निरोगी यकृत तो सहज सामावून घेते, पण सिरॉसिसच्या यकृताला ते जमत नाही आणि प्रत्येक जेवणानंतर दाब काही काळ उसळतो. फ्री रॅडिकलना निष्प्रभ करणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात; क जीवनसत्त्व आणि कोकोतले काही घटक त्यातलेच. त्यांचा संबंध नेमका या उसळीशी आहे.

बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी 2006 मध्ये सिरॉसिसच्या रुग्णांना शिरेतून 3 ग्रॅम क जीवनसत्त्व देऊन पाहिले, तेव्हा ही उसळी कमी झाली. पुढे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 22 रुग्णांपैकी काहींना जेवणासोबत 85 टक्के कोको असलेले गडद चॉकलेट आणि काहींना पांढरे चॉकलेट दिले. पांढरे घेतलेल्यांचा दाब सरासरी 26 टक्क्यांनी वाढला, तर गडद घेतलेल्यांचा सुमारे 10 टक्क्यांनी. फरक लक्षणीय आहे, पण तो एका जेवणानंतरच्या अर्ध्या तासापुरता मोजलेला आहे, रोज चॉकलेट खाऊन कोणाचा रक्तस्राव टळल्याचा तो पुरावा नव्हे. क जीवनसत्त्वाचे म्हणाल तर एका मोसंबीतून शंभर मिलिग्रॅमही मिळत नाही, त्यामुळे जालन्याची मोसंबी खुशाल खावी, पण ती औषध म्हणून नव्हे.

मामांना मी हे सांगितले तेव्हा ते थोडे हिरमुसले. मग आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. मामींनी दिवसभराचे मीठ चमच्याने मोजून वाटीत काढले. सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, एवढीच, पोटात पाणी होऊ नये म्हणून, डॉक्टरांनी दिलेली मर्यादा होती. त्यातले निम्म्याहून अधिक दोन वेळच्या वरणभाजीतच संपले, आणि अजून ठेचा, लोणचे, शेंगदाण्याची चटणी ताटात यायची होती. पापडातल्या पापडखारातही सोडियम असते हे ऐकून मामी म्हणाल्या, "मग राहिलं काय खायाला?" प्रश्न रास्त होता. ठेचा ठेवला, पण मिठाऐवजी लिंबू पिळून.

खरी अडचण एकादशीची होती. सिरॉसिसमध्ये यकृतातला साखरेचा साठा तोकडा असतो, रात्रीच्या उपासानेही शरीर स्नायू झिजवू लागते. म्हणून झोपण्यापूर्वी थोडे खाणे आणि दिवसभरात थोडे थोडे पाच-सहा वेळा खाणे, हा सल्ला कोणत्याही चॉकलेटपेक्षा मोलाचा आहे. छोट्या जेवणाने पोटावर एकदम भारही पडत नाही. उपासाचे सैंधव मीठ म्हणजेही सोडियमच, हे वेगळेच. मामा बराच वेळ माळेवर हात ठेवून गप्प बसले आणि म्हणाले, "पाप डॉक्टरच्या माथी."

माझी खरी काळजी मात्र चॉकलेटची नाही, अँटिऑक्सिडंटच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांची आहे. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या, मिरीच्या अर्कासह येणाऱ्या हळदीच्या कॅप्सूल, गुळवेलीचा काढा, या सर्वांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. भाजीतली हळद आणि कॅप्सूलमधली हळद यांच्या मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मामांच्या फडताळात अशी एक बाटली निघालीच.

दाब खरोखर उतरवण्याचे काम गेली चार दशके प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या करीत आहेत, आणि फुगलेल्या शिरांना एंडोस्कोपीतून बँड घातले जातात. मामांची गोळी सुरू आहे. तिने नाडी मंदावते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. सकाळी मामी त्यांच्या मनगटावर बोटे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाडी मोजतात आणि आकडा कॅलेंडरवर लिहितात. चॉकलेटची एक वडी मी नेऊन दिली होती. मामांनी तुकडा तोंडात टाकला, तोंड वाकडे केले आणि उरलेली माझ्याकडेच परत केली.