ऑल-इन-वन घ्यावा की सुटा संगणक?

घरासाठी किंवा लहान दुकानासाठी संगणक घ्यायचे ठरले की हल्ली बऱ्याच जणांच्या मनात आधी ऑल-इन-वन, म्हणजे पडद्यातच सगळा संगणक बसवलेले यंत्र, येते. टेबलाखाली कॅबिनेट नको, वायरींचा गुंता नको, आणि दोन खोल्यांच्या घरात तो दिसायलाही नीटनेटका, हे सारे खरे आहे. नात्यातले आणि ओळखीचे लोक मला याबद्दल वारंवार विचारतात. रोजच्या साध्या वापरासाठीसुद्धा पडदा आणि संगणक वेगळेच असावेत, असे माझे मत आता पक्के झाले आहे. मात्र त्यासाठी नेहमी जे कारण पुढे केले जाते, ते मला पटत नाही.

ते कारण अपग्रेडचे. सुटा संगणक, म्हणजे कॅबिनेट आणि पडदा वेगळे असलेला, पुढे हवा तसा वाढवता येतो, असे दुकानदार सांगतात. प्रत्यक्षात हिशेब, टायपिंग, मुलांचा अभ्यास, बिले भरणे आणि व्हिडिओ पाहणे एवढ्यासाठी संगणक वापरणारा माणूस प्रोसेसर बदलायला सहसा जात नाही, आणि गेला तरी ते सरळ जमत नाही. इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांचे सॉकेट (मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवर, प्रोसेसर बसतो ती खोबण) 2015 मध्ये एलजीए 1151, 2020 मध्ये 1200, 2021 मध्ये 1700 आणि 2024 मध्ये 1851 असे बदलत गेले, त्यामुळे चार-पाच वर्षांनी नवा प्रोसेसर घ्यायचा म्हणजे मदरबोर्डही नवा घ्यावा लागतो, आणि डीडीआर4 या जुन्या पिढीची रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) डीडीआर5 या नव्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नसल्याने अनेकदा रॅमही. इंटेलची स्पर्धक एएमडी हिचे एएम4 सॉकेट हा याला सन्माननीय अपवाद आहे; 2017 साली पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी घेतलेल्या कित्येक बोर्डांवर बायोस (बोर्डातली मूळ प्रणाली) अद्ययावत केल्यावर 2022 चा रायझन 7 5800एक्स3डी चालतो. पण त्याचा लाभ घेणारे बहुतेक गेम खेळणारे, आपल्या आत्याबाई किंवा कोपऱ्यावरचे औषधविक्रेते नव्हेत.

साध्या वापरात डोळ्यांना दिसेल असा फरक दोनच गोष्टींनी पडतो: पुरेशी रॅम, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. आणि या दोन गोष्टी विंडोजवर चालणाऱ्या अनेक ऑल-इन-वनमध्येही बदलता येतात, कारण त्यांत लॅपटॉपच्याच मापाची रॅम आणि डिस्क असते. ॲपलच्या आयमॅक या ऑल-इन-वनची गोष्ट निराळी. 2020 पर्यंतच्या 27 इंची आयमॅकला मागे रॅमसाठी एक छोटे दार होते. 2021 मध्ये एम1 चिप घेऊन आलेल्या 24 इंची आयमॅकमध्ये रॅम चिपबरोबरच जोडलेली आहे, म्हणजे खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली तेवढीच कायमची.

खरा प्रश्न आहे तो दुरुस्तीचा. संगणकाचे सगळे भाग एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. चांगला मॉनिटर सहज दहा वर्षे चालतो. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), डिस्क आणि पंखा यांचे आयुष्य त्याहून अनिश्चित, आणि आपल्याकडच्या विजेच्या चढउतारांत तर अधिकच. ऑल-इन-वनमध्ये हे सगळे एकमेकांच्या आयुष्याला बांधलेले असतात. माझ्या मावशीकडच्या यंत्राच्या पडद्यावर उभ्या रेघा आल्या, तेव्हा सर्व्हिस सेंटरने पॅनलची जी किंमत सांगितली, तेवढ्यात नवा मॉनिटर आला असता, आणि पॅनल मागवावे लागणार ते वेगळेच. आतला संगणक ठणठणीत होता. एचडीएमआयची वायर घरातल्या टीव्हीला जोडली आणि तिचे काम सुरू राहिले, पण तो बंद पडलेला पडदा तसाच टेबलावर अडून राहिला.

उघडून पाहिले की फरक लगेच कळतो. साध्या कॅबिनेटची बाजू दोन स्क्रू काढले की सरकते, आणि एसएमपीएस चार स्क्रूंवर असतो. कुठल्याही गावातला दुरुस्तीवाला तो पाहता पाहता बदलून देतो, कारण त्याचे माप सर्वत्र तेच आहे. ऑल-इन-वन मात्र पडदा खाली करून चादरीवर पालथा घालावा लागतो आणि मागच्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या खाचा एकेक करून सोडवाव्या लागतात. 2012 नंतरच्या इंटेल आयमॅकमध्ये तर काच चिकटपट्टीने बसवलेली आहे, ती कापल्याशिवाय डिस्कपर्यंत हात पोहोचत नाही आणि बंद करताना पट्टी नवी लावावी लागते. आतला बोर्ड त्या एकाच मॉडेलचा. तो गेला आणि कंपनीने पुरवठा थांबवला असेल, तर भंगारातल्या दुसऱ्या यंत्रावाचून इलाज उरत नाही.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची नियमित अद्यतने, संपला, तेव्हा ही गोष्ट फार ठळकपणे समोर आली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. सहाव्या-सातव्या पिढीचा सुटा संगणक असलेला माणूस बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलतो. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड तेच राहतात. ऑल-इन-वनवाल्याला उत्तम फुल एचडी पडद्यासकट सगळेच बाजूला ठेवावे लागते, नाहीतर विंडोज सोडून लिनक्सकडे वळावे लागते. 2014 पासूनच्या 5के आयमॅकचे मला सर्वाधिक वाईट वाटते: इतका सुंदर पडदा, पण जुन्या आयमॅकांसारखा तो दुसऱ्या संगणकाचा मॉनिटर म्हणून थेट वापरता येत नाही.

जागेची अडचण खरी असेल, तर मॉनिटरच्या पाठीशी वेसा पट्टीवर (ठरावीक मापाच्या छिद्रांना बसणाऱ्या पट्टीवर) बसणारा मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्याएवढा संगणक, घ्यावा. इंटेलने 2023 मध्ये आपल्या एनयूसी या मिनी पीसींचे काम थांबवून ते असुसकडे सोपवले, तरी हा प्रकार बाजारात भरपूर मिळतो. अनेक मिनी पीसींत रॅम आणि एसएसडी बदलता येते, वीज कमी लागते, आणि पडदा स्वतंत्र राहतो. वेबकॅम आणि स्पीकर वेगळे घ्यावे लागतात व वॉरंटीची बिले दोन सांभाळावी लागतात, एवढा त्रास मात्र आहे.

दवाखान्याच्या काउंटरसारख्या ठिकाणी तरीही ऑल-इन-वनच हवा असेल, तर दुकानात प्रोसेसरच्या आधी रॅमचा स्लॉट मोकळा आहे का हे विचारावे, आणि मागे एचडीएमआय इनचे (बाहेरचे चित्र आत घेणारे) पोर्ट आहे का ते स्वतः पाहावे. काही मॉडेलांत ते असते, आणि मग आतला संगणक निकामी झाला तरी तो पडदा मॉनिटर म्हणून वापरता येण्याची शक्यता राहते. संगणक बंद असतानाही ते पोर्ट चालते का, हे पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून तिथेच तपासून घ्यावे.